तेलाचा काटा

"भोक अजून मोठं करा," अण्णासाहेब म्हणाले.

विमानाची शेपटी कारखान्यामागच्या कडुलिंबाला दोरखंडाने बांधलेली होती, दावणीला बैल बांधावा तशी. इंजिन नुकतंच बंद केलं होतं. आत वाकून पाहिलं तर तेलाच्या तापमानाचा काटा एकशे पंचवीसवर आरामात बसलेला. लाल पट्टी एकशे अठरालाच सुरू होत होती.

"अण्णासाहेब, कालच मोठं केलंय की," मी म्हणालो.

"मग काल कमी पडलं असंल. आणखी दोन इंच. तात्या, कात्री आण."

सिद्राम तात्या कोरे कात्री घेऊन उभेच होते. अण्णासाहेबांच्या तोंडून वाक्य पुरतं बाहेर पडायच्या आत हत्यार हातात घेण्याची सवय त्यांना तीस वर्षांत लागली होती.

अण्णासाहेब म्हणजे बाळगोंडा मगदूम. कुपवाडच्या एमआयडीसीत त्यांचा ओतकामाचा कारखाना. पंपांची धडं ओतता ओतता पंचावन्नाव्या वर्षी त्यांना विमान करायची हुक्की आली. त्या वयात माणसं तीर्थयात्रेला जातात; यांनी परदेशातून नकाशे मागवले, चार सिलिंडरचं इंजिन मागवलं आणि परवानगीच्या कागदांसाठी तीन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. सहा वर्षांत दोन माणसं बसतील असं विमान उभं राहिलं. ते अण्णासाहेबांनी स्वतःच्या हातांनी बांधलं असं सगळीकडे सांगितलं जायचं. त्यातले हात तेवढे तात्यांचे होते. पत्र्यातला एकेक रिव्हेट त्यांनी मारलेला. त्याबद्दल ते कधी अवाक्षर काढत नसत.

मी गौस मुलाणी. कारखान्याच्या फाटकासमोर माझं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान. ट्रॅक्टर, ट्रक, जेसीबी, जे काही तापेल ते माझ्याकडे यायचं. विमानाचं तेल तापायला लागलं तेव्हा मलाही हाक आली. इंजिन हवेवर थंड होणारं होतं, पण तेलाला वेगळा छोटा रेडिएटर होता. नाकाच्या बॉनेटला पुढे भोक. तिथून हवा आत येणार, रेडिएटरमधून जाणार आणि बॉनेटच्या पोटाखालच्या फटीतून बाहेर पडणार. त्या बॉनेटला विमानाच्या भाषेत काउलिंग म्हणतात हे मला नंतर कळलं. आम्ही बॉनेटच म्हणत राहिलो.

पुढचं भोक मी आलो तेव्हा तळहाताएवढं होतं. मग बशीएवढं झालं. मग ताटलीएवढं. काटा मात्र प्रत्येक वेळी एक-दोन घरं वरच चढत होता.

"अण्णासाहेब," मी पुन्हा धीर केला, "पुढनं कितीबी हवा घाला. बाहेर जायला खाली दोन बोटांची फट हाय. त्यातनंच सायलेन्सरचा पाइपबी जातोय. हवा आत येऊन तुंबून बसाय लागलीया. पोटाखाली फट वाढवूया, मागच्या कडेला जरा ओठ काढूया. हवा ओढून न्हील."

अण्णासाहेबांचा हात नकळत बॉनेटच्या पोटावर गेला. त्या पोटाचा बाक त्यांनी स्वतः काढला होता; सबंध विमानात त्यांनी खरोखर स्वतःच्या हाताने केलेली तेवढी एकच गोष्ट. आठ महिने ते पॉलिश पेपर घेऊन ते पोट घाशीत बसायचे.

"गौस," ते म्हणाले, "तू डाग दे रेडिएटरला. हवेचं मी बघतो."

जावईबापू पुण्याहून आले होते, अभिनंदन चौगुले. त्यांनी लॅपटॉपवर विमानाभोवती हवा कशी वाहते ते निळ्या-तांबड्या रेघांनी दाखवलं. रेघा फार सुंदर वाहत होत्या. "थिअरीप्रमाणे तेल तापायलाच नको," ते म्हणाले. तेलाला ही थिअरी कोणी सांगितली नव्हती, एवढीच काय ती अडचण.

आता त्या कारखान्याची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. अण्णासाहेब म्हणतील त्याला मान डोलवायची. मग आपल्याला बरोबर वाटतं ते त्यांच्या नकळत करायचं. आणि जमलं की म्हणायचं, "तुम्ही म्हटला तसंच केलं, अण्णासाहेब." या रीतीवर तो कारखाना तीस वर्षं झकास चालला होता. भट्टीचं तापमान अण्णासाहेब ठरवायचे, ते बदलायचे तात्या, आणि बक्षिसं आली की फोटो अण्णासाहेबांचा. कुणाचंच काही बिघडत नव्हतं. बाहेरचा असूनही मला ती रीत महिन्याभरात अंगवळणी पडली.

अण्णासाहेबांच्या एकसष्टीला आठ दिवस उरले होते. त्याच दिवशी गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर मांडव घालून विमान पहिल्यांदा उडणार होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. उडवायला फ्लाइंग क्लबच्या कॅप्टन रेवती धुपकर येणार होत्या. त्यांनी फोनवर एकच अट घातली होती: तेलाचं तापमान आटोक्यात आलं तरच मी बसेन. वर गेल्यावर तेल तापून पातळ झालं की दाब पडतो, दाब पडला की इंजिन धरतं, म्हणजे फिरता फिरता जाम होतं, आणि मग खाली उसाच्या फडात उतरावं लागतं, जमलं तर.

मी रीतीप्रमाणे ठरवलं, पोट गुपचूप कापायचं. पण अण्णासाहेब सकाळ-संध्याकाळ ते पोट फडक्याने पुसायचे. कात्री लावायला दीड दिवस तरी हवा होता, आणि ते तर दर तासाला यायचे, काटा बघायचे, तात्यांना चार शिव्या द्यायचे आणि भोक मोठं करायला सांगायचे. आणखी चार दिवस असं चाललं असतं तर विमानाला नुसतं तोंडच उरलं असतं.

म्हणून मी काटा गप्प बसवला.

काम पाच मिनिटांचं. इंजिनमधल्या सेन्सरपासून काट्यापर्यंत एक वायर येते. तिच्या मध्ये डॅशबोर्डच्या मागे मी एक बारीकसा रेझिस्टन्स जोडला, शेंगदाण्याएवढा. तेल एकशे पंचवीसला गेलं की काटा दाखवणार पंचाण्णव. माझा हिशेब सरळ होता: अण्णासाहेब खूश होतील, घरी जाऊन पत्रिकांच्या मागे लागतील, विमानाची शेड मोकळी मिळेल, मी पोट कापेन, तेल खरंच थंड होईल आणि मग रेझिस्टन्स काढून टाकेन. खोटं बोलायचं ते फक्त दोन दिवसांपुरतं.

दुसऱ्या दिवशी इंजिन चालू केलं. काटा पंचाण्णवला थांबला.

"बघितलास?" अण्णासाहेबांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "भोक! भोकात हुतं सगळं!"

"तुम्ही म्हटला तसंच झालं, अण्णासाहेब," मी म्हणालो.

तात्यांनी रेडिएटरच्या पाइपला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. मी पाना शोधायला लागलो.

आणि मग अण्णासाहेबांनी असं काही केलं की माझी मतीच गुंग झाली. ते घरी गेलेच नाहीत. त्यांनी सांगलीहून रंगारी बोलावला, सगळ्या बॉनेटला पिवळाधमक रंग मारून घेतला, पोटावर स्वतःच्या देखरेखीखाली तांबडी रेघ ओढून घेतली आणि रंगाला कुणाची बोटं लागू नयेत म्हणून शेडला कुलूप घातलं. किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

"अण्णासाहेब, एकदा जरा रेडिएटर बघायचा हुता," मी म्हणालो.

"पंचाण्णव हाय न्हवं? मग काय बघायचंय? दृष्ट लागंल."

पुढचे तीन दिवस मी चार वेळा किल्ली मागितली, चारही वेळा वेगळी सबब सांगून. खरं कारण सांगायचं माझ्या मनातही आलं नाही असं म्हणणार नाही. आलं होतं. दर वेळी वाटायचं, उद्या सांगू.

एकसष्टीचा दिवस उजाडला. धावपट्टीच्या कडेला मांडव, चारशे माणसं, सनई, आणि एका बाजूला चुलाणावर चहाचं आधण. विमान हार घालून उभं होतं. कॅप्टन धुपकर आल्या. तिशीतली बाई, बारीक अंगाची, बोलणं मोजकं. सनईकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. विमानाभोवती एक फेरी मारली, हार स्वतःच्या हाताने उतरवला आणि अण्णासाहेबांना विचारलं, "तापमान कशानं उतरलं?"

"भोक मोठं केलं," अण्णासाहेब म्हणाले.

"म्हणजे ॲक्च्युअली माझ्या मॉडेलमध्ये ते आधीच दिसत होतं," जावईबापू म्हणाले.

मांडवातला एक पाहुणा म्हणाला की इंजिनची पूजा घातल्यापासूनच फरक पडला. कॅप्टननी तात्यांकडे पाहिलं. तात्या जमिनीकडे बघत होते. मग कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही रेडिएटर बसवला ना? तुम्हाला काय वाटतं?"

"अण्णासाहेब म्हणतात तसंच," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. ती बाई हातात हेल्मेट घेऊन माझ्यासमोर उभी होती, दहा मिनिटांत आकाशात जाणार होती, आणि माझ्या जिभेवर तेच वाक्य आलं. मला स्वतःची किळस आली, ती त्या क्षणी. नंतर कधीतरी विचार करून आलेली नव्हे.

त्यांनी मान डोलावली, शिडीसारख्या पायरीवर पाय ठेवला आणि आत बसल्या. पट्टे आवळले. मी पुढे गेलो आणि दाराच्या कडेला धरून म्हणालो, "मॅडम, तेवढं उकळत्या पाण्यात काटा तपासून घ्या."

"काय?"

"गाडी नवीन असली की आम्ही घेतो. सेन्सर काढून उकळत्या पाण्यात बुडवायचा. काटा शंभरच्या आसपास दाखवाय पाहिजे. तेवढं दावलं तर काटा खरा."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "आत्ता?"

"आत्ताच."

त्यांनी पट्टे सोडले. अण्णासाहेब ओरडले, मुहूर्त टळतोय म्हणाले. कॅप्टन म्हणाल्या, "मुहूर्त तुमचा आहे, मान माझी आहे." आणि आचाऱ्याकडे बोट दाखवलं.

आचारी आधणाची कळशी द्यायला तयार नव्हता. "पत्ती टाकायचीय त्यात! चारशे माणसांचा चा हाय!" शेवटी तात्यांनी चिमट्याने कळशी उचलली आणि विमानापाशी आणून ठेवली. मी सेन्सर सोडवला, त्याला अर्थिंग मिळावं म्हणून एक जादा वायर इंजिनला जोडली आणि सेन्सर पाण्यात सोडला. पाणी खळखळत होतं. सगळा मांडव विमानाच्या खिडकीभोवती गोळा झाला, जणू आत नवरी बसली आहे.

काटा हळूहळू चढला आणि पंच्याहत्तरवर थांबला.

"पाणी उकळलं नसंल," अण्णासाहेब म्हणाले.

"मग तुम्ही बोट घाला," कॅप्टन म्हणाल्या.

त्यांनी डॅशबोर्डखाली हात घातला, चाचपला आणि माझा शेंगदाणा वायरसकट बाहेर ओढला. वायर पुन्हा सरळ जोडून पाहिली. काटा अठ्ठ्याण्णवला गेला. मांडवात इतकी शांतता पसरली की सनईवाला घाबरून थांबला.

"म्हणजे तेल एकशे पंचवीसलाच आहे," कॅप्टन म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण त्या विमानापासून दोन पावलं मागे सरकल्या. "आणि कुणीतरी मला त्यावर बसवून वर पाठवत होतं."

अण्णासाहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "कुणी केलं हे?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. चारशे माणसं, समोर दुकानात येणारी निम्मी गिऱ्हाइकं, माझा धाकटा भाऊ, मशिदीतले दोघेजण. 'मी' एवढंच म्हणायचं होतं, ते म्हटलं नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. फार गेला.

"माझ्याकडनं झालं, अण्णासाहेब," तात्या म्हणाले.

"तू?"

"व्हय. एकसष्टीला खोळंबा नगं म्हणून."

अण्णासाहेबांनी त्यांना जे ऐकवलं ते मी लिहीत नाही. तीस वर्षं आणि सहा वर्षं आणि खाल्लेलं मीठ, सगळं त्यात आलं. शेवटी म्हणाले, "आजपासून या विमानाला बोट लावायचं न्हाई." तात्यांनी खिशातून रिव्हेटची पिशवी काढून पंखावर ठेवली आणि मांडवाबाहेर जाऊन उभे राहिले.

मी तसाच उभा राहिलो. सेन्सर हातात होता, भाजत होता.

कॅप्टन विमानाखाली आडव्या झाल्या. "हवा बाहेर कुठून जाते? इथून? एवढ्याशा फटीतून?"

"हेच!" अण्णासाहेब टाळी वाजवून म्हणाले. "हेच मी या लोकांना पहिल्या दिवसापासनं सांगतोय! पोट कापा म्हणून!"

दुसऱ्या दिवशी मी पोट कापलं, राजरोस, पिवळ्या रंगासकट. फट चार बोटं केली, मागच्या कडेला खाली झुकलेला ओठ लावला. पुढचं भोक निम्मं बुजवलं. रेडिएटरच्या कडेने हवा चुकवून जात होती तिथे रबराच्या पट्ट्या बसवल्या. विमान शेपटी बांधून चालवलं तर तेल एकशे तीनला थांबलं. धावपट्टीवर पळवलं तर सत्त्याण्णवला. या वेळी कॅप्टननी काटा आधी पाण्यात घालून पाहिला. सेन्सर परत देताना त्या मला म्हणाल्या, "पाण्याचं तुम्हाला बरं सुचलं त्या दिवशी."

"सवय हाय," मी म्हणालो.

"हो का?" त्या म्हणाल्या आणि वहीत आकडा लिहायला लागल्या.

आठ दिवसांनी विमान उडालं. मांडव पुन्हा घातला होता. पिवळं नाक वर करून ते उसावरून गेलं, दोन चकरा मारून आलं आणि अलगद टेकलं. कॅप्टननी उतरून अंगठा दाखवला. अण्णासाहेब रडले. मीही रडलो, कारण ते खरंच सुरेख उडालं होतं.

मग सत्कार. अण्णासाहेबांनी माईकवर जाहीर केलं की ज्याच्या दक्षतेमुळे मोठा अनर्थ टळला, ज्याने घरातला चोर पकडून दिला, त्या गौस मुलाणीला मानाचा फेटा. आमच्याकडे फेटा बांधण्यात तात्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, त्यामुळे विमानाला बोट लावायची बंदी झालेल्या माणसाला त्या दिवशी पाहुण्यांच्या डोक्यांचं काम दिलेलं होतं. मला त्यांच्यासमोर खुर्चीवर बसवलं.

तात्यांनी कापडाचं टोक माझ्या दातांत दिलं. "धर," म्हणाले. आणि पीळ घालायला लागले.

मी टोक दातांतून सोडलं. "तात्या, का केलंसा असं?"

"टोक सोडू नगंस. सुटंल सगळं."

"सांगा की."

ते माझ्या मागे होते, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. त्यांनी एक फेरा घातला, घट्ट ओढला. "थांबलो हुतो की मी त्या दिवशी," ते हळू म्हणाले. "तू बोलशील म्हणून. लई वेळ थांबलो. तू बोलंनास. माणसं ताटकळली हुती, ती विमानवाली पोर घाबरली हुती. कुणीतरी बोलाय पाहिजे हुतं."

त्यांनी शेमला काढला, पाठीवर नीट सोडला आणि दोन पावलं मागे जाऊन फेटा सरळ बसला आहे का ते बघितलं. "झालं," म्हणाले. "जा आता. बोलवायलेत."

मी व्यासपीठावर गेलो. शाल, नारळ, फोटो. अण्णासाहेबांनी माझ्या हातात माईक दिला. "बोल, गौस. दोन शब्द बोल."

समोर तीच चारशे माणसं होती. कॅप्टन पहिल्या रांगेत होत्या, हाताची घडी घालून. तात्या मांडवाच्या खांबाशी उभे होते, गळ्यात अजून दोन फेट्यांचं कापड. ते माझ्याकडे बघत होते. पुन्हा थांबले होते ते.

"मी काय बोलणार?" मी म्हणालो. "सगळं अण्णासाहेबांच्या मार्गदर्शनामुळं झालं. त्यांनी म्हटलं तसंच आम्ही केलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तात्यांनीही वाजवल्या, गळ्यातलं कापड सावरत, आणि पुढच्या पाहुण्याचं डोकं बांधायला वळले.